चाकाच्या खुर्चीवरून दिसणारे बाकडे, पाणपोई आणि खांब

आमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, विभागवार आढावा आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला एखादा अभ्यासलेख देण्याची प्रथा आहे. आजवर हे लेख आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लिहिले. मधुमेह, सर्पदंश, रक्तदान, गर्भवतीचा आहार असे विषय त्यांत येऊन गेले. यंदा हे काम प्रशासन विभागाकडे आले आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्रात आमची गती नाही. तथापि ज्या विषयाकडे आम्ही वळत आहोत तो रुग्णालयाच्या फाटकाबाहेर सुरू होतो आणि त्याचा खर्च मात्र रुग्णालयाच्या वहीत पडतो. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार आमच्याकडेही येतो, असे आम्ही धरून चालतो.

रस्त्याच्या कडेला लोकांच्या सोयीसाठी जे काही उभे केलेले असते, म्हणजे बाकडी, पाणपोया, बसथांब्याचे निवारे, वाहने अडविणारे लोखंडी खांब, सूचनाफलक, कचरापेट्या, विजेच्या पेट्या, स्वच्छतागृहे, त्या सर्वांस मिळून हल्ली ‘स्ट्रीट फर्निचर’ म्हणण्याचा प्रघात आहे. हे साहित्य चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या उपयोगी कसे पडेल, हा या लेखाचा विषय होय. ‘व्हीलचेअर’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. परंतु कोल्हापूरच्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेच्या संस्थापक नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मकथनास ‘चाकाची खुर्ची’ असे नाव दिले, तेव्हापासून हा शब्द मराठीत हक्काने रूढ झाला आहे. आम्हीही तोच वापरतो.

या विषयाकडे आमचे लक्ष कसे गेले ते प्रथम सांगणे प्राप्त आहे.

इंदापूर तालुक्यातील एक तरुण शेतकरी झाडावरून पडून पाठीच्या मज्जारज्जूस इजा झाल्याने आमच्याकडे दाखल झाला होता. कमरेखालची हालचाल व संवेदना गेली. शस्त्रक्रिया पुण्यास झाली, पुढील शुश्रूषा व भौतिकोपचार आमच्याकडे. घरी जाताना एका देणगीदार कुटुंबाच्या हस्ते त्यास चाकाची खुर्ची देण्यात आली. त्या प्रसंगाचे छायाचित्र त्या वर्षीच्या अहवालात आम्ही मोठ्या समाधानाने छापले. आमच्या वहीत ती खुर्ची ‘रुग्णसाहाय्य’ या सदरात खर्ची पडली आणि हिशेब मिटला.

आठ महिन्यांनी तोच रुग्ण बैठकीच्या जागी खोल शय्याव्रण व मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन परत आला. भौतिकोपचारासाठी दर पंधरवड्यास येण्याचे ठरले होते, तो दोनदाच आला होता. आमच्या समाजसेविका ताईंनी कारण विचारले, तेव्हा तो प्रथम काही बोलेना. मग म्हणाला, “ताई, बाहेर निघायचं त्या दिवशी मी सकाळपासून पाणीच पीत नाही. पाणी पिलं की पुढची पंचाईत. आणि एवढं करून तुमच्या फाटकाशी आलो, तर खुर्ची आत जात नाही. दोघांनी उचलून घेतली, तेव्हा आत आलो. दर वेळी दोघे कुठून आणू?”

आमच्या फाटकाशी खुर्ची का जात नव्हती? कारण दुचाकीस्वार थेट बाह्यरुग्ण विभागाच्या दारापर्यंत गाड्या आणीत, म्हणून आम्हीच तेथे पायी येणाऱ्यांच्या वाटेत लोखंडी खांब रोवले होते. ठराव आमचाच, बिलावर सही आमचीच.

वैद्यकीय बाजू आमच्या डॉक्टरांनी समजावून दिली ती थोडक्यात अशी. ज्याच्या कमरेखाली संवेदना नाही, त्यास बसून बसून त्वचा दबते हे कळत नाही. म्हणून त्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन शरीर उचलावे, अथवा जागा बदलावी, असे शिकविले जाते. त्याने पाणी भरपूर प्यावे आणि मूत्राशय ठरावीक वेळाने रिकामे करावे. पाणी कमी पडले की संसर्ग व मूतखडा यांचा धोका वाढतो. आता जो मनुष्य बाहेर पिण्याचे पाणी हातास येत नाही, स्वच्छतागृहात खुर्ची जात नाही आणि खुर्ची सोडून क्षणभर टेकावे असे बाकडे नाही, अशा रस्त्यावर निघतो, तो पाणी तोडतो किंवा घरीच बसतो. दोहोंचा परिणाम एकच. त्या दुसऱ्या वेळच्या मुक्कामाचे बिल आम्ही स्वतः तपासले. ते दान दिलेल्या खुर्चीच्या किमतीहून कितीतरी अधिक होते. वाणिज्य शाखेच्या मनुष्यास एवढा दाखला पुरेसा असतो.

त्यानंतर एका सकाळी आम्ही भांडारातील खुर्ची काढली आणि फाटकापासून जवळच्या चौकापर्यंत पाळीपाळीने तीत बसून गेलो. आमच्यासह एक विश्वस्त, परिचारिका प्रमुख, समाजसेविका ताई व आमचा सुतार असे पाच जण होतो. वयाच्या पन्नाशीनंतर खुर्ची स्वतःच्या हाताने लोटणे किती कष्टाचे असते, ते पहिल्या पन्नास पावलांतच कळले. त्याहूनही अधिक कळले ते हे की, उभ्याने रोज पाहिलेला रस्ता बसल्यावर निराळाच असतो. नजर साधारण चार फुटांवर येते. दुकानांचे गल्ले दिसत नाहीत, समोरून येणाऱ्याचा पट्टा दिसतो. जेथे आपण एरवी नकळत एक पाऊल वर टाकतो, तेथे वाट संपते.

चौकात आमच्याच न्यासाने रौप्यमहोत्सवी वर्षात बांधलेली पाणपोई आहे. दगडी बांधणी, वर छत्री, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. तीस दोन पायऱ्या आहेत. बांधताना त्यामागे विचार होता. जनावरांनी तोंड घालू नये आणि सांडलेले पाणी रस्त्यावर पसरू नये. खुर्चीत बसून आम्ही त्या पायऱ्यांपाशी थांबलो, तेव्हा पाटीवरील सगळी नावे स्वच्छ वाचता येत होती. तोटीपर्यंत मात्र हात पोहोचत नव्हता. पलीकडे स्मरणार्थ दिलेली तीन सिमेंटची बाकडी होती, तीही आमच्याच एका हितचिंतकांची. ती पदपथाच्या बरोबर मध्ये, ओट्यावर बसविलेली. त्यामुळे पदपथावरून खुर्ची जाण्यास वाटच उरली नव्हती. तेथून पुढे आम्ही वाहनांच्या रस्त्यावरून गेलो आणि आमच्या विश्वस्तांनी मागून येणाऱ्या ट्रॅक्टरला हात करून थांबविले. उसाचा हंगाम होता, दोन ट्रेलर जोडलेले होते. त्या क्षणी खुर्चीत जो बसला होता, त्याचे मत पुढे सभेत फार उपयोगी पडले.

यावरून पहिला धडा आम्ही घेतला तो असा : खुर्चीला अडविणाऱ्या पुष्कळशा वस्तू हेळसांडीने आलेल्या नसतात. त्या सद्‌हेतूने, वर्गणी काढून, नारळ फोडून उभ्या केलेल्या असतात, आणि त्या देणाऱ्यांत आमच्यासारख्या धर्मादाय संस्था पुढे असतात. म्हणून हा लेख आम्ही शासनाकडे बोट दाखविण्यासाठी लिहीत नसून देणगीदार बंधुभगिनींसाठी लिहीत आहोत.

आता मापांकडे वळू. ही मापे नवी नाहीत. केंद्र शासनाने २०१६ मध्ये आणि नंतर २०२१ मध्ये सुगम्यतेविषयी एकत्रित मार्गदर्शक तत्त्वे काढली. पदपथांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ मध्ये मार्गदर्शिका काढली होती. त्यांतील ढोबळ सूत्र गवंड्यास तोंडी सांगता येईल इतके सोपे आहे. खुर्ची उभी राहण्यास ९० सेंटिमीटर रुंद व १२० सेंटिमीटर लांब जागा, वळण्यास दीड मीटर व्यासाचे वर्तुळ, पदपथावर कोणतीही वस्तू न येता किमान १८० सेंटिमीटर रुंदीची मोकळी वाट. उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढण्यास बारा फूट लांबी. आमच्याकडील गवंडी उतार म्हटले की मोटारसायकल चढेल असा उतार देतात. त्यावर खुर्ची मागे उलटते. पदपथाची कडा १५ सेंटिमीटर उंच असेल, तर उतार १८० सेंटिमीटर लांब हवा. हे एक वाक्य कंत्राटाच्या कागदावर लिहिले, तर पुढचे पुष्कळ काम वाचते.

बाकड्याविषयी जरा सविस्तर लिहावेसे वाटते, कारण देणगी म्हणून सर्वांत जास्त दिली जाणारी वस्तू तीच आहे. बाकड्याची बैठक खुर्चीच्या बैठकीइतकी, म्हणजे ४५ ते ५० सेंटिमीटर उंच असेल, तर खुर्चीवरून सरकून तीवर बसता येते. पाठ असावी. हात टेकण्याचा दांडा वृद्धांस उठताना आधार देतो, पण दोन्ही टोकांस दांडे असतील, तर खुर्चीतून सरकता येत नाही. म्हणून एका टोकास दांडा असावा व दुसरे टोक मोकळे. त्या मोकळ्या टोकाशेजारी वर सांगितलेली ९० बाय १२० ची सपाट फरसबंद जागा सोडावी. ही जागा सोडली नाही, तर खुर्चीवाला बाकड्यासमोर, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत थांबतो. सोडली, तर तो आपल्या सोबत्याच्या खांद्याला खांदा लावून बसतो. आमच्या भागात बाकड्यापेक्षा जुनी बैठक म्हणजे गावातील पार. वडापिंपळाभोवतीचा तो ओटा पुष्कळ ठिकाणी खुर्चीच्या बैठकीइतकाच उंच असतो; फक्त त्याच्याभोवतीची जमीन खडबडीत अथवा चिखलाची असते. चार हात रुंदीचा कोबा पारापर्यंत नेला, तर गावच्या गप्पांत एक माणूस वाढतो. नवे काहीच बांधावे लागत नाही.

पाणपोईस पायऱ्या नकोत, अथवा पायऱ्यांच्या जोडीला उतार हवा. तोटी जमिनीपासून ७५ ते ९० सेंटिमीटरवर असावी व खालील कुंड भिंतीतून पुढे आलेले, त्याखाली सुमारे ७० सेंटिमीटर मोकळी जागा, म्हणजे गुडघे आत जातात. फिरविण्याच्या तोटीपेक्षा दाबण्याची अथवा ढकलण्याची बरी. शस्त्रक्रियागृहात हात धुण्यासाठी कोपराने चालणारी तोटी आम्ही वर्षानुवर्षे वापरतो, ती चौकात का लावली नाही हे आज आम्हांस सांगता येत नाही. येथे एक गंमत नमूद करण्याजोगी आहे. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापुरास जाते, तेव्हा तरुण मंडळे वाटेत टेबलावर पाण्याची पिंपे मांडतात. ती चार दिवसांची पाणपोई आमच्या दगडी पाणपोईहून खुर्चीवाल्यास अधिक सोयीची असते. टेबल गुडघ्यावर येते, पेला हातात मिळतो, पायरी नसते.

चेंबरची झाकणे व गटाराच्या जाळ्या यांविषयी एवढेच की, खुर्चीची पुढची चाके लहान असतात. जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेस आडव्या असाव्यात व फट १२ मिलिमीटरहून अधिक नसावी. उभ्या पट्ट्यांत चाक अडकले की बसलेला माणूस तोंडावर पडतो.

खांबांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे आणि त्याचे उत्तर आमच्याकडे तयार नाही. मुंबईत पदपथांच्या तोंडाशी बसविलेल्या अशाच खांबांविषयी चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका नागरिकाने उच्च न्यायालयास ई-मेलने कळविले, तेव्हा २०२३ मध्ये न्यायालयाने स्वतःहून त्याची जनहित याचिका म्हणून दखल घेतली. तो नागरिक काही मागत नव्हता. पदपथावर चढू द्या, एवढेच त्याचे म्हणणे होते. दोन खांबांमध्ये किमान ९० सेंटिमीटर, शक्यतो १२० सेंटिमीटर अंतर ठेवले की खुर्ची जाते. परंतु मोटारसायकलचे हँडल ७०-८० सेंटिमीटर रुंद असते. जेथून खुर्ची जाईल तेथून तीही जाईल. खुर्ची व मोटारसायकल यांत फरक करील असा खांब कोणत्याही लोहाराने अद्याप घडविलेला नाही. वळणावळणाची फाटके बसविली, तर दोन्ही अडतात. म्हणजे हा प्रश्न लोखंडाचा नसून पहाऱ्याचा व दंडाचा आहे. खांबांचा खर्च एकदाच होतो, पहारेकऱ्याचा दरमहा. म्हणून प्रत्येक संस्था खांब निवडते, आम्हीही तेच केले.

आणखी एक बाब मार्गदर्शिकांत आम्हांस पुरेशी आढळली नाही. ही मापे मुख्यतः खुर्चीची आहेत. आमच्याकडे बारामतीच्या बाजारात अथवा इंदापूरच्या रस्त्यावर जे दिव्यांग बंधू दिसतात, ते बहुधा हाताने चालविण्याच्या तीनचाकी सायकलवर, अथवा मागे दोन जादा चाके बसविलेल्या स्कूटरवर असतात. कानपूरच्या अलिम्को या शासकीय कारखान्याची तीनचाकी शिबिरांतून वाटली जाते. वाडीवस्तीच्या कच्च्या रस्त्यावर खुर्ची चालत नाही, तीनचाकी चालते. हे त्यामागचे साधे कारण. तीनचाकी खुर्चीहून लांब आणि वळण्यास अवघड असते. म्हणून आमच्या दोन तालुक्यांत खांबांमधील अंतर १२० सेंटिमीटरच धरावे आणि बाकड्याशेजारची जागा लांबीस अधिक सोडावी, असे आमचे मत आहे. हे मत दोघा-तिघा तीनचाकीधारकांस प्रत्यक्ष विचारून बनविले आहे. त्यांतील एकाने आम्हांसच विचारले की, एवढी वर्षे कोणी विचारले का नाही. उत्तर देता आले नाही.

आमच्या विश्वस्त मंडळाच्या सभेत हा विषय मांडला, तेव्हा एका ज्येष्ठ विश्वस्तांनी रास्त शंका काढली. रस्त्यावर खुर्चीवाले दिसतात किती? त्यांच्यासाठी एवढा खर्च का? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख व महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. अर्थात त्यांत सर्व प्रकारचे अपंगत्व आले. ते रस्त्यावर दिसत नाहीत, कारण रस्ता त्यांस येऊ देत नाही, हे एक उत्तर. दुसरे उत्तर परिचारिका प्रमुखांनी दिले. त्या म्हणाल्या, “काठी घेऊन येणारी आजी, बाळंतीण, प्लॅस्टर घातलेला मुलगा, दुधाचे कॅन हातगाडीवर आणणारा गवळी, हे सगळे त्याच पायरीशी अडखळतात. मी रोज पाहते.” ठराव एकमताने संमत झाला.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात कलमाझू या गावी १९४५ मध्ये, युद्धात जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी पदपथाच्या कडा काही ठिकाणी उतरत्या करण्यात आल्या. या प्रकारचे ते सर्वांत आरंभीच्या कामांपैकी एक मानले जाते. आपल्या पुणे जिल्ह्यातही खडकी येथे १९७४ पासून जायबंदी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे जलतरणात सुवर्णपदक मिळविणारे मुरलीकांत पेटकर महाराष्ट्राचेच. अशा माणसांस पदके देण्यात आपण कसूर करीत नाही. सत्कारमंडपाच्या व्यासपीठास मात्र बहुधा पायऱ्याच असतात.

कायद्याची स्थिती देणगीदारांस माहीत असावी. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये पदपथांस खुर्चीसाठी उतार करण्याची तरतूद होती. परंतु ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या शब्दांनी तिची धार गेली. या शब्दांचे मोल कोणत्याही हिशेबनिसास ठाऊक आहे. नको असलेला खर्च त्यांच्याखाली सुखाने झोपतो. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यानुसार नव्या बांधकामास सुगम्यतेचे निकष पाळल्याशिवाय परवानगी अथवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, आणि अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करावयाच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये निघाले. ती मुदत २०२२ मध्ये संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, नियम १५ मधील निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असल्याने तो मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक निकष करण्याचा आदेश केंद्र शासनास दिला. सारांश, उतार देणे हा आता मनाच्या मोठेपणाचा विषय राहिलेला नाही.

पैशाचा प्रश्नही आहे तितका मोठा नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या निधीतील ५ टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी राखावी, असा महाराष्ट्र शासनाचा दंडक आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. शिवाय जे नव्याने बांधले जाते तेथे योग्य माप ठेवण्यास जादा खर्च जवळजवळ येतच नाही. पाणपोईच्या दोन पायऱ्या बांधण्याऐवजी त्याच विटांत उतार झाला असता. बांधून झाल्यावर तोडण्यास मजुरी, राडारोडा उचलण्यास वाहन, पुन्हा फरशी आणि पुन्हा नळजोड लागतो. आमच्या पाणपोईचे दुरुस्तीचे अंदाजपत्रक हाती आले, तेव्हा मूळ बांधकामाच्या वेळी गप्प बसल्याबद्दल आम्ही स्वतःस दोष दिला.

यासंबंधी एक संधी आपल्या दाराशी आहे. पाटस, बारामती, इंदापूर मार्गे पंढरपूरकडे जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसविण्यात आली, आणि मार्गाच्या बाजूने वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ हा त्या कामाचा भाग आहे. या पदपथालगत पुढील काळात असंख्य मंडळे, साखर कारखाने, पतसंस्था व कुटुंबे बाकडी, पाणपोया व निवारे देणार हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. तीनचाकी घेऊन वारी करणारे वारकरी आम्ही बेलवाडीच्या रिंगणास पाहिले आहेत. ही दाने बसविण्यापूर्वी एकदा मोजपट्टी काढली, तर पुढील पिढ्यांची वाट मोकळी राहील. बारामतीत नीरा डाव्या कालव्याच्या काठी सायंकाळी फिरावयास येणाऱ्यांसाठी जी बाकडी दिली जातात, त्यांसही हेच लागू आहे.

आमच्या न्यासाने पुढीलप्रमाणे व्यवस्था केली आहे. यापुढे न्यासामार्फत कोणतेही सार्वजनिक साहित्य देताना देणगीपत्रासोबत मापांचा एक कागद जोडला जाईल व काम पूर्ण झाल्यावर खुर्ची व तीनचाकी प्रत्यक्ष नेऊन पाहिल्याशिवाय अंतिम बिल अदा होणार नाही. चौकातील तीनपैकी दोन बाकडी, ज्या कुटुंबाने दिली त्यांच्या संमतीने, पदपथाच्या कडेच्या पट्ट्यात हलविण्यात आली, संमती मागावयास गेलो, तेव्हा त्या घरातील काकूंनी विचारले, “आमच्या ह्यांच्या नावाची पाटी समोरूनच दिसेल ना?” दिसेल, अशी व्यवस्था केली. तिसरे बाकडे उचलताना तुटले. पाणपोईस एका बाजूने उतार झाला असून खालची तोटी स्वतंत्र बसविली आहे. कोणाची खुर्ची घरी पडून आहे व का, याची विचारणा समाजसेविका ताई आता भेटीच्या वेळी करतात आणि ती रुग्णपत्रिकेत नोंदवितात.

फाटकातील मधला खांब काढला आहे. त्या दिवसापासून दुचाकी पुन्हा आत येऊ लागल्या. सकाळी आठ ते दुपारी दोन या वेळेत एक पहारेकरी नेमला आहे; त्याच्याशी हुज्जत घालणाऱ्यांत आमचेच दोन कर्मचारी निघाले, हे कबूल केले पाहिजे. दुपारनंतरची व्यवस्था अद्याप लागलेली नाही.

ज्या तरुणापासून हा विषय निघाला त्याचे व्रण भरून आले असून तो दर पंधरवड्यास मंगळवारी येतो. मागील खेपेस त्याने एक उणीव दाखविली. पाणपोईच्या उताराच्या पायथ्याशी पाणी साचते, चाके त्यातून गेली की हात चिखलाने भरतात आणि त्याच हातांनी पेला धरावा लागतो. आम्ही जाऊन पाहिले. उतार बरोबर आहे, पायथा दोन बोटे खाली बसला आहे. पावसाळ्यापूर्वी तो भरून घेण्यासाठी गवंड्यास सांगितले असून त्या दिवशी त्या तरुणालाही बोलावले आहे.